रिकाम्या नळीचा गारवा

बारा मेला सकाळी अकराच्या सुमाराला हेमराजभाऊंनी नळी पुसून झाल्यावर सहज चालू करून पाहिली, आणि रंजीताच्या तीन वर्षांच्या कामातला सगळ्यात मोठा आकडा खोटा निघाला.

हेमराजभाऊ ब्रह्मपुरीच्या त्या कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायचे. परीक्षा संपत आल्या होत्या, वर्ग रिकामे होते, आणि ऊन असं की अंगणातल्या नळाचं पाणी हाताला चटका देत होतं. रंजीता खिडकीपाशी पेपर तपासत बसली होती. कंत्राटी प्राध्यापक होती ती, दरवर्षी जुलैत नव्याने नेमणूक व्हायची, आणि सोबत पीएचडी चालू होती.

“मॅडम, इकडे या बरं जरा,” हेमराजभाऊ म्हणाले. “हे त रिकामंच थंड होऊन राह्यलं.”

“काय रिकामं?”

“नळी. जाळी त मी धूळ झटकाले काढून ठेवली. हे पाहा, इथी टेबलावर आहे. अन् आकडा उतरूनच राह्यला.”

रंजीता उठून आली. टेबलावर बांबूची जाळी होती. तिने नळीत वाकून पाहिलं. नळी आरपार मोकळी होती. एका टोकाला लावलेला स्पीकर घुमत होता आणि शेजारच्या छोट्या पडद्यावरचा आकडा अडतीसवरून सव्वीसवर आला होता.

नळीत आवाज सोडला की आतली हवा दाबली जाते आणि सैल होते, सेकंदाला शेकडो वेळा. दाबलेली हवा किंचित तापते, सैल झालेली किंचित निवते. तिथे अगदी अरुंद फटींची जाळी बसवली, तर हवा जाळीच्या एका टोकाची उष्णता उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन टाकते. एक टोक तापतं, दुसरं गार होतं. ना गॅस लागतो, ना कॉम्प्रेसर. मोठ्या प्रयोगशाळांत ही जाळी चिनी मातीची किंवा धातूची करतात. ती आपल्याकडे सहज मिळणाऱ्या, कुणीही फेकून देईल अशा वस्तूंची करता येईल का, हा रंजीताचा विषय. रसवंतीच्या कागदी नळ्या, दवाखान्यातून टाकून दिलेल्या एक्स-रेच्या फिल्म, धानाचं तणस, वाळलेलं दोडकं, सगळं तिने नळीत घालून पाहिलं होतं. फेब्रुवारीत बुरुडाकडून पातळ तासून आणलेल्या बांबूच्या कामट्या लावल्या आणि तापमान सतरा अंशांनी उतरलं. त्या दिवशी तिने पूर्ण प्रयोगशाळेला पेढे वाटले होते.

पण जाळी नसेल तर गारवा येऊच शकत नाही. जाळी टेबलावर होती आणि पडदा बारा अंशांचा गारवा दाखवत होता.

तिने कपाटातून काचेचा जुना थर्मामीटर काढला आणि नळीत सरकवला. पाच मिनिटं थांबली. पारा अडतीसवरच होता. मग जाळी परत बसवून दोन्ही सोबत पाहिलं. पडदा म्हणाला एकवीस. पारा म्हणाला तेहेतीस.

खरा गारवा पाच अंशांचा होता. बाकीचे बारा अंश कुठून आले हे कळायलाही फार वेळ लागला नाही. तापमान मोजणाऱ्या बारीक तारा अँप्लिफायरला चिकटून गेल्या होत्या. आवाज वाढवला की तिथली वीज तारांत झिरपायची आणि आकडा खाली यायचा. आवाज जास्त तर गारवा जास्त, असंच तर व्हायला हवं होतं. म्हणून तिला कधी शंकाच आली नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती दरवर्षी बजावून सांगायची, आधी काहीही न घालता मोजा, मग घालून मोजा. तिने स्वतः ते केलं नव्हतं. जाळ्यांच्या मागे लागली होती.

“काही बिघडलं का मॅडम? माझ्यानं काही झालं का?” हेमराजभाऊंनी विचारलं.

“तुमच्यानं नाही भाऊ. तुमच्यामुळे कळलं,” ती म्हणाली, आणि खुर्चीवर बसली.

सतराचा आकडा तिच्या शोधनिबंधात गेला होता. तो निबंध जूनमध्ये नागपूरच्या परिषदेत वाचायचा होता, आणि तिचे मार्गदर्शक गुणवंत सर तो आकडा चार लोकांना सांगून बसले होते. पण रंजीताच्या मनात आधी आली ती ऐनबोडी. सतराच्या भरवशावर तिने आठ दिवसांपूर्वी तिथे एक पेटी नेऊन ठेवली होती, आणि त्या पेटीत सातशे जीव होते.

ऐनबोडी वैनगंगेच्या पलीकडे, आरमोरीच्या पुढे जंगलाला लागून. ढिवरांचं गाव. बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, मासे धरायचे आणि पावसाळ्यात जंगलातल्या ऐनाच्या झाडांवर कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या, अळ्या पोसायच्या, हे त्यांचं पिढ्यांचं काम. तिथले सुकलूभाऊ तिला आरमोरीच्या बाजारात भेटले होते, जाळी विणायचा नायलॉनचा धागा घेताना. तिलाही तोच धागा हवा होता, एक्स-रे फिल्मच्या गुंडाळीत फटी राखायला. तंगूस म्हणतात त्याला तिकडे. एवढी शिकलेली बाई तंगूस कायले घेते, असं त्यांनी विचारलं आणि तिने आवाजाने थंडी कशी करतात ते सांगितलं. सुकलूभाऊंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, हे आमच्या बीजाले चालन का?”

बीज म्हणजे जानेवारीत उतरवलेले जिवंत कोसे. आत किडा झोपलेला असतो. पाऊस लागला की त्याचं पाखरू होऊन बाहेर येतं, अंडी घालतं, अन् त्या अंड्यांतल्या अळ्या झाडांवर सोडतात. पण मेच्या उन्हात आतला किडा वाळून मरतो, नाही तर अवेळीच पाखरू निघून फुकट जातं. मागच्या पावसाळ्यात अळ्यांना रोग लागला होता, त्यामुळे यंदा पाच घरांचं मिळून सातशेच कोसे बीजाला राहिले होते. ते गेले तर त्या पाच घरांना पावसाळ्यात जंगलात जायचं कारणच उरणार नव्हतं.

रंजीताने मासळीची मोठी थर्मोकोलची पेटी घेतली, तिला नळी आणि स्पीकर जोडला, आणि टेम्पोत घालून स्वतः नेऊन दिली. निघताना ठणकावून सांगितलं होतं, “सगळं बीज यातच ठेवा. झाकण घट्ट लावा. आकडा तिशीच्या खाली दिसला की समजा, काळजी नाही.”

आकडा तिशीच्या खालीच दिसणार होता. पेटीत काहीही झालं तरी.

तिने सुकलूभाऊंना फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. तेंदूपत्त्याचे दिवस, अख्खं गाव पहाटेपासून जंगलात असणार. तिसऱ्यांदा लावून तिने पर्स उचलली.

“एवढ्या उनात कुठी चालल्या?” हेमराजभाऊ म्हणाले. त्यांनी आपल्या डब्यातला कांदा काढून तिच्या हातात दिला. “हे पर्समधी ठेवा. अन् पाणी घ्या.”

आरमोरीची बस अर्धी रिकामी होती. पुलावरून जाताना खाली नदीची वाळू पांढरीफटक दिसत होती, पाण्याची एक बारीक धार तेवढी पलीकडच्या काठाला धरून. रंजीता खिडकीच्या तापलेल्या दांडीला हात न लावता बसली होती आणि काय सांगायचं ते जुळवत होती. पेटीत एक पार्ट बदलायचा आहे, असं सांगता येईल. पेटी घेऊन जाते, तोवर बीज बाहेर काढा. मेलेले निघाले तर म्हणता येईल की ऊनच फार होतं यंदा. सेहेचाळीसवर गेलं होतं तापमान, कुणाला शंका येणार? सरांनाही सांगायची गरज नव्हती. परिषदेआधी तारा बदलायच्या, नवे आकडे घ्यायचे, पाचाचे सात-आठ झाले तर बांबू उन्हात तडकतो, म्हणून आकडे घसरले असं लिहायचं. हे सगळं तिला इतक्या सहज सुचत गेलं की तिचीच तिला भीती वाटली.

आरमोरीहून काळीपिवळी जीप भरायला अर्धा तास लागला. ती फाट्यावर उतरली तेव्हा दीड वाजला होता. तिथून ऐनबोडी दोन किलोमीटर. ओढणी तोंडाभोवती गुंडाळून ती चालायला लागली. दोन्ही बाजूंना मोहाची झाडं नव्या तांबूस पानांनी भरली होती. सावली होती, पण वारा भट्टीतून आल्यासारखा. वाटेत एक बाई डोक्यावर पानांचं गाठोडं घेऊन भराभर पुढे निघून गेली. रंजीताला एकच दिसत होतं. झाकण उघडलंय, आणि आत सातशे वाळलेले कोसे.

बोडीच्या बांधावर, पाळीवर चढली तेव्हा गाव अगदी निपचित पडलेलं होतं. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत. ती पाळ उतरायला लागली आणि त्याच वेळी सुकलूभाऊंच्या घराकडून तो आवाज सुरू झाला. घूंऽऽ. तिच्या नळीचा आवाज. हजार आवाजांत ओळखला असता तिने.

म्हणजे लाईट आत्ताच आली. म्हणजे पेटी चालू आहे, सगळं बीज तिच्यात आहे, आणि लाईट नसताना ते बंद पेटीत आणखीच उकडलंय. रंजीता धावत सुटली.

ओसरीवर कमळाबाई तेंदूच्या पानांची पुडकी बांधत बसल्या होत्या. सुकलूभाऊंची बायको, साठीच्या, काटक, कोपरापर्यंत गोंदलेल्या. पेटी भिंतीशी लाकडी बाकावर होती. झाकणाला कुंकवाची पाच बोटं लावलेली. पडद्यावर आकडा होता सव्वीस.

“ये पोरी, ये. एवढ्या उनात काऊन आली?” कमळाबाई उठल्या. “बस आधी. पाणी पे.”

“कमळाबाई, ते पेटीत एक पार्ट...” रंजीताने सुरुवात केली. ती पाच बोटं तिला दिसत होती. “नाई. पार्ट-बिर्ट काही नाई. माझी चूक झाली. हा आकडा खोटा आहे. आत तेवढं थंड होतच नाई. मी नीट तपासलंच नवतं. मले आज सकाळी कळलं. बीज काढा बाहेर, सगळं काढा, आत्ता काढा.”

“माहीत आहे,” कमळाबाई म्हणाल्या.

“काय माहीत आहे?”

“थंड नाई होत म्हून. मले माहीत आहे.”

कमळाबाईंनी हात पदराला पुसले, पेटीपाशी गेल्या आणि झाकण उचललं. आतून पिकल्या आंब्यांचा घमघमाट आला. पेटीत गवताच्या थरांत आंबे होते. पिवळेधमक, काहींच्या देठाशी चीक सुकलेला. एकही कोसा नव्हता.

“मस्त ऊब राह्यते आत,” कमळाबाई जरा ओशाळून म्हणाल्या. “म्हटलं आंबे त पिकवून घेऊ.”

“आणि बीज?”

“चाल, दाखवतो.”

मागच्या खोलीला खिडकी नव्हती. वर कवेलूचं छप्पर, त्याखाली धानाच्या तणसाचा जाड थर. भिंती हातभर रुंद, मातीच्या. दाराला ओलं पोतं लटकवलेलं. ते बाजूला सारून आत पाऊल टाकलं तसा अंगावरून ओलसर गारवा फिरला. डोळे अंधाराला सरावल्यावर रंजीताला दिसलं. आढ्यापासून खालपर्यंत कोशांच्या माळा टांगलेल्या. करड्या, पिवळट, अंड्याएवढ्या कोशांच्या माळाच माळा, एकमेकींना न टेकणाऱ्या, मधून वारा जाईल अशा. जमिनीवर पाणी शिंपडलेलं होतं.

“सगळे?” तिने विचारलं.

“सगळे. अकरा ठेवले होते तुह्या पेटीत, पहिल्या दिवशी. अकराच. दोन दिवसांनी काढून हातात घेतले त हलके लागले.” कमळाबाईंनी एका माळेतला कोसा तळहातावर तोलला आणि रंजीताच्या कानापाशी नेऊन हळूच हलवला. आत काहीतरी जड, जिवंत असं ठक् करून आदळलं. “हा जिता. वाळला का खुळखुळ वाजते. अन् मी पेटीत हात घालून पाह्यला. आकडा म्हणे सव्वीस, हात म्हणे नाई. आता आकड्यावर इस्वास ठेवू का हातावर?”

रंजीता भिंतीला टेकून खाली बसली. ओल्या जमिनीवरच बसली. तिला हसू येत होतं, ते हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“त्या अकरांचं काय झालं?”

“तीन मेले. आठ पाण्याचा शिपका मारून टांगले, ते जगन.” कमळाबाई तिच्याजवळ टेकल्या. “अन् पोरी, एक सांगू? रागावू नको. तुही पेटी खरंच थंड झाली असती, तरी मी बीज नसतं ठेवलं. तू म्हणे झाकण घट्ट लावा. जीव आहे ना त्यात. त्याले हवा नाई लागत? बंद पेटीत घामेजून बुरशी लागली असती सगळ्याईले.”

हे रंजीताच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. तीन वर्षांत ती नळीतल्या हवेबद्दलच विचार करत होती, कोशातल्या किड्याच्या हवेबद्दल नाही. सतराचा आकडा खरा असता तर तिने आनंदाने हे सगळं बीज मारून टाकलं असतं. तिने कमळाबाईंचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

“मग मले सांगितलं काऊन नाई? आणि पेटी चालू कशी?”

तेवढ्यात बाहेरून सुकलूभाऊंचा आवाज आला आणि दोघी ओसरीवर आल्या. ते जंगलातून आले होते, खांद्यावर पानांचं भलंमोठं गाठोडं. ओसरीवर उतरवलं आणि रंजीताला बघून लाजल्यासारखे उभे राहिले.

“मॅडम, तुमी कवा आल्या?”

“ते इचारते, पेटी चालू काऊन ठेवली,” कमळाबाई म्हणाल्या. “सांगा आता तुमीच.”

सुकलूभाऊंनी डोक्याचं फडकं काढून मान पुसली. “चालू नाई ठेवत हो. पण तुमी एवढ्या मेहनतीनं आणली, टेम्पोत सोता बसून आल्या. बंद दिसली त तुमाले वाईट वाटन, म्हून हिले सांगून ठेवलं होतं. रस्त्यानं मॅडम येताना दिसल्या का बटन दाबजो.”

“पाळीवर तुही ओढणी दिसली,” कमळाबाई म्हणाल्या, “अन् मी दाबलं.”

रंजीता पुन्हा हसायला लागली. आता कमळाबाईही हसत होत्या, पदर तोंडाला लावून. सुकलूभाऊंनी जाऊन पेटीचं बटन बंद केलं. घुमणं थांबलं. “लय डोकं दुखवते हो मॅडम हा आवाज,” ते म्हणाले, आणि आठ दिवस मनात धरून ठेवलेलं बोलून मोकळे झाले.

अजून एक काम राहिलं होतं. ऐनबोडीत फोनला रेंज बोडीच्या पाळीवरच मिळायची. रंजीता तिथे एका ऐनाच्या सावलीत उभी राहिली आणि तिने गुणवंत सरांना फोन लावला. सर दुपारचे आडवे झालेले असणार हे तिला माहीत होतं. तिने सुरुवातीपासून सगळं सांगितलं. रिकामी नळी, तारा, काचेचा थर्मामीटर, पाच अंश. मध्ये थांबली नाही.

पलीकडे खाटेवर उठून बसल्याचा आवाज आला.

“सर?”

“ऐकतो आहे.” सरांचा आवाज कोरडा होता. “रिकामी नळी चालवलीच नव्हती?”

“नाही सर.”

“तीन वर्षांत एकदाही?”

“नाही.”

“म्हणजे बांबूच नाही, सगळेच आकडे गेले. कागद, तणस, फिल्म, सगळे.”

“हो सर. सगळं पुन्हा घ्यावं लागेल.”

“निबंध मागे घ्यावा लागेल. मी चार ठिकाणी सांगून बसलो आहे, रंजीता.” खाली बोडीच्या उरलेल्या पाण्यात दोन म्हशी नाकापर्यंत बुडून बसल्या होत्या. “मी परिषदेच्या लोकांना आजच कळवतो. वर्ष जाईल तुझं, ते मी काही वाचवू शकत नाही.” मग ते म्हणाले, “सतरा ऐकलं तेव्हा मलाही जरा जास्त वाटलं होतं. पण विचारलं नाही. विचारायला हवं होतं मी.”

“चूक माझी आहे सर.”

“सही माझीही आहे त्याखाली. तू आत्ता आहेस कुठे?”

“ऐनबोडीला.”

“या उन्हात? ... बीज?”

“जिवंत आहे सर. तीन कोसे तेवढे गेले.”

सरांनी श्वास सोडल्याचं तिला ऐकू आलं. “मग संध्याकाळी ऊन उतरल्यावर नीघ. आत्ता चालत निघू नको,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांच्या आवाजातला राग पूर्ण गेला नव्हता. पण रंजीताला हलकं वाटत होतं, ताप उतरल्यावर वाटतं तसं. वर्ष जाणार होतं. निबंध गेला होता. येत्या जुलैत नेमणूक होईल की नाही, तेही कुणी सांगू शकत नव्हतं. तरी बसमध्ये जुळवलेलं ते सगळं तिला आता कुणाला सांगावं लागणार नव्हतं, लक्षातही ठेवावं लागणार नव्हतं.

कमळाबाईंनी भात आणि सुकट घातलेली अंबाडीची भाजी वाढली, वर पेटीतला आंबा. जेवण झाल्यावर म्हणाल्या, “बीजाच्या खोलीत पड जराशी. घरात तेच एक थंड ठिकाण आहे.” रंजीता चटईवर आडवी झाली. डोक्यावर माळा स्थिर लटकत होत्या. किडे झोपले होते. पाच मिनिटांत तीही झोपली, आणि उठली तेव्हा उन्हं कलली होती. सुकलूभाऊंनी तिला मोटरसायकलवरून आरमोरीच्या स्टँडवर सोडलं.

मेचा राहिलेला अर्धा आणि पूर्ण जून ती प्रयोगशाळेत होती. तारा बदलल्या, काचेचा थर्मामीटर सोबत ठेवला, आणि रोज सकाळी पहिलं काम म्हणजे रिकामी नळी. हेमराजभाऊ रोज येऊन विचारायचे, “आज रिकामी गप आहे ना?” गप असायची. तणसाने काहीच दिलं नाही, आणि ते कुजायलाही लागलं. कागदी नळ्यांनी दोन अंश दिले. बांबूने पुन्हा पाचच. एक्स-रे फिल्मच्या गुंडाळीने साडेचार, पण तिच्या फटी कुठे रुंद, कुठे अरुंद होत होत्या. तंगूस तिच्या हातून सरळ बसतच नव्हता. जूनच्या पहिल्या आठवड्यात सुकलूभाऊ ब्रह्मपुरीला आले होते, त्यांनी ती गुंडाळी उलगडून पाहिली.

“कोणं बांधली हे?”

“मीच.”

“असं नाई बांधत, मॅडम.”

आयुष्यभर मासळीच्या जाळ्याची भोकं एका मापाची विणलेला माणूस होता तो. प्रयोगशाळेच्या फरशीवर बसून त्यांनी फिल्म पायाच्या अंगठ्याशी धरली, धागा दातांत ताणला आणि एकेक ओळ घातली. माप कुठलं घेतलं नाही, दुपारभर उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या जाळीने आठ अंश दिले. रंजीताने तीनदा मोजलं, दर वेळी आधी रिकामं. मग सरांना बोलावलं. सर खुर्ची ओढून स्वतः थर्मामीटरपाशी बसले, आणि आठ दिसले तेव्हा त्यांनी रिकामी नळी पुन्हा एकदा लावायला सांगितली.

“आठ अंशांत काय ठेवणार?” शेवटी त्यांनी विचारलं.

“अजून माहीत नाही सर. कोसे नाही, एवढं नक्की.”

सर पहिल्यांदाच हसले. “प्रबंधात सतराचं प्रकरण लिही. कसं चुकलं ते सगळं. पुढच्याचा वेळ वाचेल.”

जुलैत पाऊस लागून आठवडा झाला तेव्हा कमळाबाईंनी बोलावून घेतलं. रंजीता पहिल्या बसने गेली. बोडी भरत आली होती, बेडूक ओरडत होते, शेताशेतांत लोक चिखलात उतरले होते. त्या खोलीच्या दारावरचं पोतं आता काढून टाकलं होतं.

आत माळा पांघरल्यासारख्या दिसत होत्या. कोशाकोशावर हाताच्या पंज्याएवढी पाखरं बसली होती, विटकरी, पिवळी, पंखावर काचेसारखा गोल ठिपका असलेली. जोडीजोडीने, अगदी शांत. सुकलूभाऊ आणि शेजारचे दोघे जण हलक्या हाताने जोड्या सोडवत होते आणि माद्यांना पानांच्या द्रोणांत ठेवत होते. थोडेच कोसे बंद राहिले होते.

“धर,” कमळाबाई म्हणाल्या आणि त्यांनी एक मादी रंजीताच्या तळहातावर ठेवली. “घाबरू नको, चावत नाई.”

मादी जड होती. तिने पंख एकदा थरथरवले, मग तळहातावर सरकत एका जागी थांबली, आणि बाजूला झाली तेव्हा तिथे एक चपटं, खसखशीहून मोठं अंडं चिकटलेलं होतं. कमळाबाईंनी ते नखाने अलगद सोडवलं आणि द्रोणात ठेवलं.

“चाल आता, बाकीचे द्रोण दे इकडे,” त्या म्हणाल्या. “लय काम आहे.”